कंसात गेलेलं नाव

देवमन सरकटे मेडशीच्या थांब्यावर एस.टी.तून उतरले ते भांडायच्या तयारीनंच. कानाला मफलर, काखेत प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला एक कागद, आणि जऊळक्यापासून मनात घोळवत आणलेलं पहिलं वाक्य. धम्मदीपा पडघानच्या खोलीचं दार उघडंच होतं. उंबऱ्यावर उभं राहून त्यांनी ते वाक्य टाकलं.

"बाई, तुमच्या मशीननं माह्या पोरीची माय खाल्ली."

दुसरी कोणी असती तर हसली असती, नाहीतर घाबरली असती. धम्मदीपानं लॅपटॉपवरून मान वर केली, रिकामी खुर्ची पुढे सरकवली आणि विचारलं, "कधी?"

तिचा हा जुना स्वभाव. तक्रार घेऊन आलेल्या माणसाला ती आधी तक्रार पुरी करू देते. शाळेत असताना ती बाईंना इतक्यांदा "काहून?" विचारायची की बाईंनी तिला पहिल्या बाकावरून शेवटच्या बाकावर बसवलं होतं. तिथूनही ती विचारायची, फक्त आवाज मोठा करून. वाशीमला बी.सी.ए. केलं, मग पुण्यात पाच वर्षं एका कंपनीत दुसऱ्यांनी बनवलेल्या वेबसाइटी तपासायची नोकरी. चुका शोधायच्या, हे तिचं काम. आणि ग्राहकासमोर त्यातली एकही बोलायची नाही, हेही तिचंच काम. एक दिवस बॅग घेऊन ती घरी आली आणि तुरीच्या शेंगा सोलत बसलेल्या आईला, भागिरथाबाईंना, म्हणाली की तिथं चुका शोधायचा पगार देतात, सांगायचा देत नाहीत. भागिरथाबाईंनी शेंगांचं टोपलं तिच्यापुढे सरकवलं. "मंग सोल. बोलाले इथं कोणी मना करत नाई."

तेव्हापासून ती मेडशीत आहे. एका डाळ मिलची, तीन शाळांची, सोयाबीनवाल्या शेतकऱ्यांच्या एका कंपनीची वेबसाइट तिनं इथंच बसून बनवली. पण गावोगाव तिला ओळखतात ते एकाच कामामुळे. वाशीमला दरवर्षी डिसेंबरात बौद्ध समाजाचा वधू-वर परिचय मेळावा भरतो, त्याची साइट तिची.

आधी साइट नव्हती, पुस्तिका होती. मुलीचा फोटो, शिक्षण, आईवडिलांची नावं, आणि खाली ठळक अक्षरांत मोबाइल नंबर. मेळावा संपला की ती पुस्तिका पानटपरीवर, सलूनमध्ये, एस.टी.च्या सीटवर, कुठंही सापडायची. दोन वर्षांपूर्वी धम्मदीपाच्या मामेबहिणीला, वैजयंतीला, त्या पुस्तिकेतून नंबर घेऊन अनोळखी पोरांचे दिवसाला तीस-तीस फोन यायला लागले. भावानं आधी तिचा फोन काढून घेतला. मग कॉलेज. बी.एस्सी.चं शेवटचं वर्ष होतं. ती आजही घरीच आहे.

धम्मदीपा त्या वर्षी सरळ मेळावा समितीसमोर जाऊन उभी राहिली होती. पुस्तिका बंद करा, मी साइट करते. मुलीच्या घरच्यांनी होकार दिल्याशिवाय त्यात नंबर कुणालाच दिसणार नाही. दोन-तीन जण म्हणाले, एवढं मोठं काम आहे तर अकोल्याच्या एखाद्या कंपनीला देऊ. तेव्हा अध्यक्ष जगदेव अंभोरे गुरुजी म्हणाले होते, "कंपनीले आपल्याले रागावता येत नाई. या पोरीले येते." अन् काम तिला मिळालं.

तर देवमन काका कागद उलगडत होते तेव्हा मेळाव्याला नऊ दिवस राहिले होते, आणि तिच्या साइटवर चारशे बारा मुलींचे नंबर होते.

कागद त्यांच्या मुलीच्या, पल्लवीच्या, माहितीचा होता. वडिलांच्या नावापुढे देवमन. आईच्या नावापुढे काहीच नाही, कोरं. काकांनी त्या कोऱ्या जागेवर बोट ठेवलं आणि बराच वेळ उचललं नाही. पल्लवीची आई हिरीबाई मागच्या पावसाळ्यात गेली. माणूस गेलं म्हणून नावही द्यायचं नाही का, पोरगी काय रस्त्यावर सापडली, असं त्यांचं म्हणणं होतं.

धम्मदीपानं विचारलं, फॉर्म कोणी भरला. मीच, याच बोटानं, ते म्हणाले. कसं कसं भरलं ते सगळं सांगा, ती म्हणाली. मग त्यांनी सांगितलं, आणि सांगताना त्यांचा राग उतरून त्यात थोडा रुबाब आला, कारण विषय त्यांच्या पेशाचा होता. एकतीस वर्षं तलाठी होते ते.

"सातबारावर माणूस गेला तं नाव मिटवत नाईत, बाई. खोडतबी नाईत. कंस करतात. माणूस जाते, नाव कंसात कागदावर राह्यते. शंभर वर्सानं कोणी पाह्यलं तरी वाचता आलं पायजे."

"मंग हिरीकाकूचं नाव कंसात टाकलं तुमी."

"टाकलं. तुमचा फॉर्म इंग्रजीच घेते, म्हणून इंग्रजीत. आधी लेट लिहिलं, मंग नाव. गोल कंस गावाच्या नावाले लावला व्हता, म्हणून तिले दुसरा घेतला. तो टोकाचा, चोचीसारखा. दोन्हीकून."

धम्मदीपाचे हात कळफलकावरच थांबले. मग तिनं फोन त्यांच्याकडे दिला आणि म्हणाली, तसंच परत लिहा. त्यांनी लिहिलं. पान उघडलं, नाव नाही. तिनं कंस काढून तेच नाव लिहिलं. हिरीबाई पानावर आली. कंस लावले. हिरीबाई गेली. साठवलेल्या माहितीत जाऊन पाहिलं तर तिथं नाव अक्षरन् अक्षर जागेवर होतं, चोचींसकट. म्हणजे साइटनं ते हरवलं नव्हतं, दाखवत नव्हती एवढंच.

"काका, चहा घेता काय?" ती म्हणाली. भागिरथाबाई आतल्या खोलीतून लगेच बाहेर आल्या, कारण त्यांच्या अनुभवात दीपा कामाच्या मध्ये चहा विचारते तेव्हा काहीतरी मोठं बिघडलेलं असतं.

बिघडलेलं होतं ते असं. वेबसाइटच्या पानामागं जी भाषा असते, तिच्यात हे टोकदार कंस (< >) म्हणजे हुकूम. त्यांच्यात जे लिहिलेलं असतं ते ब्राउझर वाचून दाखवत नाही, पाळतो. 'लेट हिरीबाई' हा कसला हुकूम ते त्याला कळलं नाही, म्हणून तो गप्प बसला आणि नाव गायब. पण कळणारा हुकूम असता तर? लोकांनी भरलेल्या माहितीतले असे कंस आधी निरुपद्रवी करून मगच पानावर सोडायचे, हे काम फॉर्मचं. आणि फॉर्म धम्मदीपानं स्वतः लिहिलेला नव्हता. तो तयार मिळणारा प्लगिन होता, साइटला जोडायचा तुकडा, परदेशातल्या कुठल्यातरी लहान कंपनीनं बनवलेला, हजारो लोक वापरत असलेला.

तिनं आपल्या लॅपटॉपवर साइटची एक वेगळी नक्कल उभी केली, जिच्यात कुणाचीच खरी माहिती नव्हती. तिथल्या फॉर्ममध्ये 'अपेक्षा' या रकान्यात अपेक्षेऐवजी त्या चोचींमध्ये एक छोटासा हुकूम लिहिला: एक चौकट उघड आणि तिच्यात 'जय भीम' लिही. मग साइटची मालकीण म्हणून ते पान उघडलं. पडद्याच्या मधोमध चौकट उघडली. जय भीम.

देवमन काकांनी सवयीनं "जय भीम" म्हटलं.

"काका, हे मी लिहिलं म्हणून जय भीम आलं. चोरानं लिहिलं असतं तं काईच दिसलं नसतं. माह्या चाबीनं त्यानं कपाट उघडलं असतं आन् चारशे बारा नंबर घेऊन गेला असता. मी इथंच बसून राह्यली असती."

काकांनी चहा खाली ठेवला. "म्हणजे माह्या कंसानं हे..."

"तुमच्या कंसानं दिसलं. नसता टाकला तं मले समजलंच नसतं."

ते गेले तेव्हा भांडण कुठं राहिलं होतं ते त्यांच्याही लक्षात नव्हतं. धम्मदीपानं ते बसमध्ये बसेपर्यंतसुद्धा वाट पाहिली नाही. साइट बंद केली. पानावर एकच ओळ ठेवली: दुरुस्तीसाठी बंद आहे, मेळाव्यात भेटू. मग जगदेव गुरुजींना फोन केला. गुरुजी सगळं ऐकायच्या आधीच म्हणाले, वाशीमला ये.

विहाराच्या सभागृहात खुर्च्या पुसायचं काम चाललं होतं. गुरुजी मुख्याध्यापक होऊन निवृत्त झालेले. शाळेतली घंटा गेली, पण आवाजातली राहिली आहे. त्यांनी तिला बसायला सांगितलं नाही. म्हणाले, फोन वाजून वाजून कान किटले, लोक विचारून राहिले की साइट काहून बंद, आणि आता मी काय सांगू. मग आवाज खाली आणून म्हणाले, नऊ दिवस चालू ठेव, मेळावा होऊ दे, मागून सावकाश दुरुस्त कर.

"कोणाले माईत हाये?" त्यांनी विचारलं.

"मले माईत हाये."

गुरुजी खिडकीकडे गेले, परत आले. त्यांची खरी भीती वेगळी होती, आणि ती त्यांनी बोलूनही दाखवली. साइटमध्ये भोक आहे हे बाहेर कळलं की लोक म्हणतील पोरीच्या हाती काम दिलं म्हणून झालं. आणि पुस्तिकावाले दुसऱ्याच दिवशी पुस्तिका छापायला घेतील. नंबर पुन्हा पानटपरीवर. मग काय मिळवलं?

धम्मदीपानं वाद घातला नाही. तिनं त्यांना त्यांच्याच नाटकाची आठवण करून दिली. दर चौदा एप्रिलला गुरुजी नाटक बसवतात. एका वर्षी विनोद नावाच्या नव्या नटानं भर रंगात 'कंसात, डोळे पुसतो' हे मोठ्यानं बोलून टाकलं होतं, डोळे न पुसताच. अख्खं मैदान हसलं होतं. गुरुजी आजही ती गोष्ट आठवली की चिडतात.

"विनोदनं जे कराचं ते वाचून दाखवलं," ती म्हणाली. "आपला फॉर्म उलटा हाये, गुरुजी. जे नुसतं वाचाचं ते करून दाखवते. कोणीबी येऊन कंसात काईबी लिहावं, आन् यानं ते करावं. अशा नटाले तुमी स्टेजवर ठेवसान काय?"

खुर्च्या पुसणारे थांबले होते. गुरुजींनी चष्मा काढला. "किती नंबर हायेत म्हणते?"

"चारशे बारा."

"त्यात माह्या नातीचाबी हाये."

"मी चारशे बाराच मोजले. कोणाची नात, ते नाई पाह्यलं."

मी ही गोष्ट तिथं खुर्ची पुसणाऱ्या एकाकडून ऐकली. तो सांगत होता की त्यानंतर गुरुजींनी चष्मा पुसून परत लावला. आणि म्हणाले, बंद राहू दे. पण लोकांना काय झालं ते मी सांगणार नाही. मेळाव्यात स्टेजवर येऊन तूच सांगशील. ही शिक्षा होती की विश्वास, ते त्या वेळी कोणालाच कळलं नाही, आणि धम्मदीपानंही विचारलं नाही. फक्त "बरं" म्हणाली.

पुढचे दिवस तिनं दोन कामं केली. पहिलं, आलेला प्रत्येक फॉर्म डोळ्यांनी वाचला. मुलींचे चारशे बारा, मुलांचे पाचशेच्या वर. चोचीचे कंस शोधायला एक ओळीचा हुकूम पुरला असता आणि तो तिनं चालवलाही. तरीही पुन्हा वाचलं. सगळ्यांत मिळून कंस निघाला एकच, हिरीबाईचा. साइटच्या चाव्या, म्हणजे आत शिरायचे पासवर्ड, किती जणांकडे आहेत ते पाहिलं; तिची एक, गुरुजींची एक, तिसरी कोणाची निघाली नाही. कोण कधी आलं, काय उघडून गेलं, त्याच्या नोंदी चाळल्या. मग तो प्लगिन उपटून काढला आणि फॉर्म स्वतः लिहिला. त्यात कंस आता कंसासारखाच दिसतो, हुकूम होत नाही. देवमन काकांना फोन करून विचारलं, कंस ठेवू की काढू. ते म्हणाले, ठेव, तोच टोकाचा ठेव.

दुसरं काम पत्र लिहायचं. प्लगिन बनवणाऱ्यांना तिनं इंग्रजीतून कळवलं. उत्तर आलं ते गोड होतं आणि कोरडं होतं: आमचा प्लगिन तपासलेला आहे, दोष बहुधा तुमच्याच साइटमध्ये असावा. ती एक कोरी साइट घेऊन बसली, तिच्यात फक्त त्यांचा प्लगिन टाकला, देवमन काकांची ओळ जशीच्या तशी लिहिली, मग जय भीमची चौकट उघडली, आणि प्रत्येक पायरीचं चित्र काढून एकेका चित्राखाली काय केलं ते लिहायला घेतलं. भागिरथाबाई शेतातून आल्या तरी ती लिहितच होती.

"तुही साइट तं तू दुरुस्त केली," त्या म्हणाल्या. "मंग काहून लिहून राह्यली?"

"माय, हाच फॉर्म तीस हजार साइटींवर लावेल हाये."

भागिरथाबाईंनी हातपाय धुतले, पदरानं पुसले. "तिथंबी पोरी असन."

"असनच."

"मंग लिही. भाकर मी करते."

या काळात तिनं ही गोष्ट कुठंही जाहीर केली नाही, फेसबुकवरही टाकली नाही. एका मैत्रिणीनं म्हटलं, टाक ना, नाव होईल तुझं. ती म्हणाली, अमक्या घराला कडी नाही असं चौकात ओरडून सांगितलं की घरमालकाआधी चोर ऐकतो. आधी कडी लागू दे.

सहाव्या दिवशी लागली. कंपनीच्या माणसाचं दुसरं पत्र आलं, या वेळी त्यात गोडवा कमी आणि घाई जास्त होती. दोष त्यांचाच होता, त्यांनी मान्य केलं, नवी दुरुस्त आवृत्ती सोडली, सगळ्यांनी ताबडतोब घ्यावी असं कळवलं. दोष दाखवून देणाऱ्याचं नाव ते खाली छापतात. कसं छापू, असं विचारलं होतं. तिनं नाव लिहिलं आणि पुढे स्वल्पविराम देऊन गाव लिहिलं. तीस हजार साइटींच्या मालकांपुढे ती ओळ गेली: धम्मदीपा पडघान, मेडशी, जिल्हा वाशीम. भागिरथाबाईंना इंग्रजी वाचता येत नाही. त्यांनी पडद्यावर 'मेडशी' कुठं लिहिलंय ते बोट लावून दाखवायला सांगितलं, आणि मग शेजारणीला बोलावून स्वतः बोट लावून दाखवलं.

पण खरी परीक्षा रविवारी, मेळाव्याच्या दिवशी, होती. सभागृह भरून बाहेर मांडवात लोक. त्रिशरण-पंचशील झालं. जगदेव गुरुजी माइकवर आले, म्हणाले की साइट नऊ दिवस बंद आहे, काहून बंद आहे ते धम्मदीपा सांगेल, आणि माइक तिच्या हातात देऊन बाजूला झाले. पण खाली बसले नाहीत, स्टेजवरच उभे राहिले.

तिनं सगळं सांगितलं. कंसाचं, चौकटीचं, चाव्यांचं. कडी आता लागली आहे, तेही. आणि मग असं एक वाक्य, जे ऐकून पहिल्या रांगेतल्या समितीच्या माणसांनी एकमेकांकडे पाहिलं. "तो फॉर्म मी निवडला व्हता. लय लोकं वापरतात म्हणून चांगला असन, असं मी समजली. तपासला नाई. लोकांचं तपासाचं माहं काम, आन् माहंच तपासलं नाई. ते चूक माही."

मांडवात कुजबुज झाली. तिसऱ्या रांगेतून पंचफुलाबाई उठल्या. मालेगावच्या, घरकाम करून तीन पोरी शिकवलेल्या. त्यांना माइकची गरज नव्हती.

"माह्या पोरीचा नंबर गेला काय?"

"नाई गेला, मावशी."

"तुले कसं मालूम?"

तिनं सांगितलं, काय काय पाहिलं आणि कसं. एक-एक फॉर्म, एक-एक चावी. पंचफुलाबाई ऐकत होत्या, पण बसल्या नाहीत.

"तुले दिसलं नाई, म्हणजे गेलाच नाई, असं व्हते काय?"

इथं गुरुजींचा हात माइककडे येऊ लागला होता. धम्मदीपानं माइक सोडला नाही.

"नाई व्हत. जेवढं पाह्यता येते तेवढं मी पाह्यलं. त्याच्यावर शंभर टक्के सांगणारा खोटं बोलते. म्हणून त्या दारावर माहा नंबर लावला हाये, मोठ्या अक्षरात. उद्या तुमच्या पोरीले एकबी अनोळखी फोन आला, तं पयला फोन मले करा. मी येईन. घरी येईन."

"आन् टवाळ पोट्टे तुलेच फोन करत बसले तं?"

"करू द्या. माहा फोन काढून घेणारं कोणी नाई."

मागं भिंतीला टेकून बसलेल्या भागिरथाबाईंनी पदर सावरला आणि ताठ झाल्या. पंचफुलाबाईंनी एकदा दाराकडे पाहिलं, जिथं तो नंबर चिकटवलेला होता, एकदा स्टेजकडे. मग त्या खाली बसण्याऐवजी रांगेतून वाट काढत पुढं आल्या, मागून त्यांची थोरली पोरगी लाजत. नोंदणीच्या टेबलाशी येऊन त्यांनी खुर्ची ओढली.

"टाक माह्या पोरीचं परत. पण माह्यासमोर टाक. आन् टाकेल ते वाचून दाखव."

धम्मदीपा स्टेजवरून उतरली, टेबलामागं बसली, लॅपटॉपचा पडदा त्यांच्याकडे वळवला. त्यांच्या पाठीमागं दुसरी बाई येऊन उभी राहिली, मग तिसरी, मग कागद हातात घेऊन एक आजोबा. रांग मांडवाबाहेर गेली. गुरुजी खाली आले आणि कोणालाही न सांगता त्या रांगेच्या शेवटी जाऊन उभे राहिले.

तिनं पंचफुलाबाईंच्या मुलीचं नाव वाचलं, शिक्षण वाचलं, आईचं नाव वाचलं, वडिलांचं वाचलं. नंबराच्या जागी आलं ते फक्त कुलपाचं छोटं चित्र.

"नंबर कोठी हाये?" पंचफुलाबाईंनी विचारलं.

"हाये. तुमी होकार देल्याबिगर कोणाले दिसत नाई."

"तुले?"

"मले दिसते."

पंचफुलाबाईंनी तिच्याकडे नीट पाहिलं. "बरोबर हाये," त्या म्हणाल्या. "कर चालू."